दोन बोटं बुडली पाहिजे

ब्रह्मपुरीत केवळराम मिस्त्रीच्या दुकानात कोणी मोटारसायकल घेऊन आलं, की तो आधी गाडीकडे पाहत नाही, माणसाकडे पाहतो.

"मागं कोण बसते?"

"बायको बसते, मिस्त्री. कधी पोरगाही."

"बायकोचं वजन किती?"

गिऱ्हाईक लाजतं. मग केवळराम म्हणतो, "लाजू नका गा. मले काही तिच्यासाठी साडी घ्याची नाई. जा, घरून घेऊन या तिले. पोराले घेऊन या. तांदूळ नेत असाल तर पोतंही आणा."

मागचे शॉकअप बदलायला आलेला माणूस मुकाट्याने घरी जातो आणि अख्खं बिऱ्हाड घेऊन परत येतो. मग ती बाई, पोर, पोतं असं सगळं गाडीवर बसवून केवळराम गुडघे टेकून मागच्या चाकाजवळ बसतो आणि बांबूची एक हातभर कांडी लावून गाडी किती खाली दबली ते मोजतो. रस्त्यावरून जाणारे उभे राहून पाहतात. समोर स्पेअर पार्टच्या दुकानात बसलेला निकेश हमखास ओरडतो, "काय डोंगा मिस्त्री, वरात कुठी निघाली?"

डोंगा मिस्त्री हे नाव निकेशने ठेवलेलं नाही. ते केवळराम नदीवरूनच घेऊन आला.

त्याचं गाव वैनगंगेच्या काठचं. घरातले सगळे धीवर. बाप मासे धरायचा आणि उरलेल्या वेळात घाटावर डोंगा चालवायचा. दोन पोकळ खोडं शेजारी शेजारी बांधायची, वर फळ्या ठोकायच्या, की झाला जोडडोंगा. त्यावर माणसं, सायकली, बकऱ्या आणि बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या टोपल्या. केवळराम दहा वर्षांचा असताना बापाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. रिकामा डोंगा पाहून काही समजत नाही. रिकामा डोंगा सगळ्यांचाच चांगला असतो. माणसं बसल्यावर पाहायचं. काठ पाण्याच्या चार बोटं वर राहिला तर वल्हं मारायचं, नाहीतर एकाला उतरवायचं, मग तो पाटील का असेना.

केवळराम बावीस वर्षांचा झाला आणि घाटावर पूल आला. बापाने डोंगा काठावर उपडा घातला तो पुन्हा सुलटा केला नाही. केवळराम महिनाभर त्या उपड्या डोंग्यावर बसून पुलावरून जाणाऱ्या गाड्या पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की पुलाच्या टोकाला जो खड्डा आहे तिथे दर चौथी गाडी कुईं करते. त्याने एका सायकलवाल्याकडून पाने उसने आणले आणि त्या खड्ड्याजवळच दुकान मांडलं. लोक म्हणाले, खड्डा यानेच खणला असेल. तो म्हणायचा, "पुलानं डोंगा खाल्ला. आता पुलाचंच खाऊन राह्यलो." पुढे हेच दुकान त्याने ब्रह्मपुरीत, घराच्या अंगणातच आणलं.

ही सगळी गोष्ट त्याची बायको गोकुळा कोणालाही तोंडपाठ सांगते, कारण लग्नाच्या बोलणीत तिने ती पहिल्यांदा ऐकली आणि तिथेच होकार दिला. ती ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. दहावी नापास मिस्त्रीशी लग्न करते म्हणून मैत्रिणी नवल करत होत्या. पुढे एका बालवाडीत पंचवीस वर्षं तिने लेकरांना अक्षरं गिरवायला लावली. तिचं अक्षर इतकं वळणदार, की मोहल्ल्यातले अर्ज, विनंत्या, लग्नपत्रिकांचे मजकूर सगळे तिच्याच हातचे.

आणि काळजी करण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. पोरगी शाळेच्या सहलीला गेली तर हिच्या पोटात अन्न जात नसे. घराबाहेर ॲम्ब्युलन्स वाजली, की आधी घरातली माणसं मोजायची आणि मग विचारायचं, कोणाला नेलं.

अशा बाईची एकुलती एक लेक आचल नर्स झाली आणि तिने नोकरी घेतली ती एटापल्लीच्याही पुढच्या एका उपकेंद्रात. घरापासून दोनशेहून जास्त किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा जंगलाचा. लशीचा डबा घेऊन पाड्यापाड्यांवर जायचं काम. तिथे बस दिवसातून एकदा, तीही तिच्या मर्जीने. म्हणून आचलने गाडी घेतली आणि तीसुद्धा स्कूटी नाही. ब्रह्मपुरीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी कधीकाळी पहाड-वाळवंट फिरायला घेतलेली टुरिंगची भारी मोटारसायकल होती, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असलेली. तीन वर्षं ती पत्र्याखाली पडून होती. डॉक्टरांचे गुडघे गेले होते. "नेऊन टाक पोरी," ते म्हणाले, "पण चालवजो. उभी ठेवू नको."

श्रावणात ती गाडी आचलला घेऊन पडली.

आचलने घरी सांगितलं नाही. दिवाळीला आली तेव्हा गोकुळा तिचे केस विंचरत होती. वेणीचे पेड घालताना ब्लाऊज सरकला आणि खांद्यामागे तळहाताएवढा काळपट व्रण दिसला.

"हे काय वो?"

"काही नाई आई, दार लागलं."

"दार मागून लागते का?"

मग सगळं बाहेर आलं. ट्रकांनी उखडलेला रस्ता, पाण्याने भरलेला खड्डा. मागचं चाक आत गेलं, गाडी ठाणकन बुडाला टेकली आणि घोड्यासारखी मागून उसळली. आचल एका बाजूला, लशीचा डबा दुसऱ्या बाजूला.

"डबा फुटला नाई पण," आचल म्हणाली. जणू तेवढं ऐकून आईचा जीव थंड होणार होता.

गोकुळाने कंगवा खाली ठेवला. ती रडली नाही, ओरडली नाही, आणि म्हणूनच केवळराम घाबरला. ती उठली, फुलस्केप कागद घेतला आणि आपल्या त्या वळणदार अक्षरात राजीनामा लिहिला. 'कौटुंबिक कारणास्तव' हे शब्द तर इतके सुंदर आले होते, की आचलसुद्धा क्षणभर पाहत राहिली.

"सही कर."

"आई, त्या पाड्यावर माझ्याशिवाय कोणी जात नाई. आशाताई सोनीबाई एकटी काय काय करन?"

"सही कर म्हणते ना मी."

"अवं थांब," केवळराम मध्ये पडला. "पोरगी नाई पडली, गाडी पडली. डॉक्टरची गाडी तीन वर्षं उभी होती, मी तवा नुसतं इंजन पाह्यलं. शॉकअपचं तेल गळून गेलं असन. नुसत्या स्प्रिंगवर नाचून राह्यली ते. मी नवे टाकतो."

"टाका. पण मी मागं बसून जाईन, पार त्या उपकेंद्रापर्यंत." गोकुळाने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "हे माझ्यासंग राहीन. एकदा, एकदा जरी मी सीटवरून उडली, तर तिथीच सही घेईन."

बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं. बसमध्ये तासभर बसायचं म्हटलं तरी जी बाई ओरडायची, ती मोटारसायकलवर दोनशेवर किलोमीटर जायला तयार झाली होती. नाही म्हणायची सोयच नव्हती.

नवी जोडी नागपूरहून एसटीच्या पार्सलने आली. केवळरामने गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि एका वेळी एकच बाजू सोडली, म्हणजे चाक धरणारा लोखंडी चिमटा खाली लोंबायला नको. जुना शॉकअप हातात घेऊन त्याने दाबला. तो दबला आणि ज्या वेगाने दबला त्याच वेगाने उसळून वर आला.

"पाह्य," तो आचलला म्हणाला. "स्प्रिंगचं काम झेलण्याचं. आतल्या तेलाचं काम आवरण्याचं. आवरणारं कोणी नसन तर झेलणारा उसळते."

"आपल्या घरी आवरणारं कोण हाय, बाबा?"

"हळू बोल, आयकन."

गोकुळा उंबऱ्यावर बसून ऐकतच होती.

नवे शॉकअप बसले. वरखालचे नट त्याने आधी हातानेच लावले. चाक जमिनीवर टेकवून, गाडीवर भार देऊन मगच आवळले, कारण लटकत्या चाकावर आवळलं तर आतलं रबर पिळलेलंच राहतं. मग मोजणी सुरू झाली. चाक हवेत असताना कांडीवर एक खूण. आचल पुढे, गोकुळा मागे, पेट्या भरलेल्या, डाव्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांसकट आचलने सोबत आणलेला लशीचा डबा, तेव्हा दुसरी खूण. दोन खुणांमध्ये केवळरामने आपली बोटं ठेवली.

त्याचा हिशोब ठरलेला होता. माणसं बसल्यावर गाडी दोन बोटं बुडली पाहिजे. एकच बोट बुडली तर ती दगड आहे, हाडं मोडेल. तीन बुडली तर खड्ड्यात बुडाला टेकेल. शॉकअपच्या तळाशी पाच खाचांचं एक कडं असतं. ते आकडी पान्याने फिरवलं, की स्प्रिंग आवळते किंवा सैलावते. बस, एवढ्यावर सगळा खेळ.

"तीन बोटं," केवळराम म्हणाला. "गोकुळा, तू थोडी..."

"काय थोडी?"

"काही नाई. खाच वाढवतो."

समोरून निकेश ओरडला, "मिस्त्री, भाभीले उतरवा, दोन बोटं वाचतीन!"

"तुह्या दुकानातला माल उतरव," गोकुळाने तिथूनच सुनावलं, "वरच्या फळीवर तीन वर्षांची धूळ हाय!"

पण गाडीचं एक केवळरामला खटकत होतं. सगळं भरल्यावर ती डाव्या अंगाला कलत होती, कारण लशीचा डबा त्या बाजूला. हे कलणं त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं. जोडडोंग्याचं एक खोड जास्त बुडत असेल तर बाप त्या बाजूच्या फळीखाली लाकडाची पाचर ठोकायचा, वरचा तळ सपाट व्हायचा. केवळरामचा हात विचार न करताच गेला. डावा शॉकअप त्याने पाचव्या खाचेवर नेला, उजवा तिसऱ्यावर ठेवला. गाडी सरळ उभी राहिल्यासारखं त्याला वाटलं. तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी नदीच्या पुलापर्यंत चाचणीला गेल्या. गाव संपून रस्ता मोकळा झाला, आचलने वेग वाढवला आणि गोकुळाला जाणवलं, की आपल्याखाली काहीतरी वळवळतं आहे. उडत नव्हतं, आपटत नव्हतं, पण गाडी माशासारखी शेपटी हलवत होती. आचलचे खांदे ताठ झालेले तिला मागून दिसले.

"आचल, हे काय होऊन राह्यलं?"

आचलने वेग कमी केला. गाडी वळवून कडेला घेतली. मग म्हणाली, "चल, घरी जाऊ."

घरी आल्यावर तिने बापाला सांगितलं. केवळरामने चाकातली हवा पाहिली, चेन पाहिली, बेअरिंग हलवून पाहिलं. सगळं ठीक. खाचांकडे मात्र त्याचं लक्ष गेलं नाही. ते तर बापाने शिकवलेलं होतं, त्यात काय पाहायचं? दुपारपर्यंत तो चाकाभोवती फिरला. निकेशने पाहून घेतलं आणि आज तो काही बोलला नाही. ते जास्तच लागलं.

गोकुळाने पर्स उघडली. राजीनामा जागेवर होता.

त्याच पर्समध्ये शॉकअपच्या खोक्यातून निघालेला कागदही होता. केवळराम असले कागद फेकून देतो आणि ती उचलून ठेवते, ही घरची जुनी रीत. ती चष्मा लावून तो वाचायला बसली. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं, खाली आकृत्या. पहिल्यांदा वाचलं, नीट कळलं नाही. कॉलेजचं इंग्रजी गंजलं होतं. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती एका ओळीवर थांबली. ओळीच्या डाव्या बाजूला धोक्याचा त्रिकोण होता. दोन्ही बाजूंची खाच नेहमी सारखीच ठेवा, नाहीतर चिमटा पिळला जाईल आणि वेगात गाडी डोलेल.

तिने कागद मांडीवर उपडा ठेवला.

घरात हे इंग्रजी वाचू शकणारी दोनच माणसं होती. आचलने कागद पाहिला नव्हता. म्हणजे हे आता फक्त तिला ठाऊक होतं. ती काही बोलली नाही तर गाडी डोलतच राहणार. लेक स्वतःच म्हणेल, जमत नाही. सही होईल. पोरगी घरी येईल, गावातल्याच एखाद्या दवाखान्यात लागेल, संध्याकाळी सहाला घरात असेल. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

तिने दारातून पाहिलं. आचल भिंतीला टेकून मोबाईलवर कोणाशी तरी बोलत होती, "सोनीबाई, या मंगळवारी लशीचं नाई जमणार वाटते... नाई, पुढच्याचंही सांगता येत नाई..." आणि केवळराम गाडीजवळ बसला होता, हातात कांडी, नजर कशावरच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा नदीकाठी उपड्या पडलेल्या त्या डोंग्याशेजारी सासरा असाच बसलेला तिने पाहिला होता.

मंगळवारी त्या पाड्यावरच्या लेकरांच्या आयाही कदाचित वाट पाहत बसतील, हे तिच्या मनात आलं. काळजी काय फक्त आपल्यालाच करता येते?

ती उठली. "आचलचे बाबा, डावी खाच कितीवर हाय?"

"पाचवर."

"उजवी?"

"तीनवर. डबा डावीकडं हाय ना."

"दोन्ही सारखी पाहिजे. इथी लिहिलं हाय."

केवळरामने कागदाकडे पाहिलंही नाही. "लिहिणाऱ्यानं कधी डोंगा चालवला का?"

"नाई. पण त्यानं शॉकअप बनवला."

केवळरामने हातातली कांडी खाली ठेवली. मग त्याने गाडी स्टँडवर चढवली, दोन्ही शॉकअपचे खालचे नट सोडले आणि चिमटा हाताने वर-खाली करून पाहिला. डावी बाजू उचलली तर उजवीही उचलली जात होती. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तो मांडी घालून खाली बसला आणि एकदम हसायला लागला. इतका, की निकेश दुकानातून बाहेर आला.

"गोकुळा! मी याले जोडडोंगा समजलो वं! हे काही दोन खोडं नाई. डोंगा एकच, वल्ही दोन. एक वल्हं जोरात मारलं, एक हळू मारलं, तर नाव फिरन नाई तर काय होईन! पाचर ठोकाची नव्हती, माणसाले इकडून तिकडं बसवाचं होतं."

"म्हंजे?"

"म्हंजे डबा डावीकडं, तर बाकी सारं उजवीकडं."

दोन्ही खाचा चौथीवर गेल्या. हत्यारं, पाण्याच्या बाटल्या, आचलच्या औषधांची पिशवी, गोकुळाने लेकीसाठी भरलेला चिवडा आणि लोणच्याची बरणी असं सगळं उजव्या पेटीत. मायलेकी पुन्हा बसल्या. केवळरामने कांडी लावली, बोटं ठेवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग उभा राहिला.

"दोन बोटं," तो म्हणाला. जसं काही कोणाच्या घरी मुलगा झाल्याचं सांगतो आहे.

मग आकडी पाना सीटखाली बांधून देताना त्याने आचलला बजावलं, "एकटी असशीन तं दोन्ही दुसऱ्या खाचेवर. डबा आणि सामान असन तं तिसऱ्यावर. आई असन तं चौथ्यावर."

"आणि पाचवी?"

"ते तुही आई जावयाकडून जेवून येईन तवासाठी."

सोमवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. गोकुळाने हेल्मेटखाली स्कार्फ बांधला, देवाला हात जोडले, पर्स पोटाशी धरली आणि लेकीच्या कमरेला अशी मिठी मारली, की आचल म्हणाली, "आई, श्वास तं घेऊ दे."

आरमोरीपर्यंत तिचे डोळे मिटलेले होते. गडचिरोलीला पोहोचेपर्यंत एक उघडला. चामोर्शीत चहा घेतला तेव्हा तिने स्वतःशीच नोंद केली, की कंबर अजून जागेवर आहे. रस्त्याकडेच्या बांध्यांमध्ये धानाची कापणी चालली होती, बाया वाकलेल्या होत्या, आणि एका जागी चार-पाच जणी विळे थांबवून या दोघींकडे पाहत राहिल्या. गोकुळाने हात हलवला. म्हणजे एक हात सुटला होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

आष्टीपासून ट्रक लागले. लाल धूळ, एकामागे एक. आलापल्लीजवळ सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलं आणि खड्ड्यांनी जोर धरला. गाडी खाली जायची, वर यायची आणि तिथेच थांबायची. पुन्हा उसळी नाही, शेपटी नाही. खाली, वर, बस. कोणीतरी मोठ्या हाताने तळव्यावर घेऊन ठेवल्यासारखं. गोकुळा प्रत्येक खड्ड्याला दातओठ खाऊन तयार व्हायची आणि प्रत्येक वेळी तयारी वाया जायची.

पंधरा-वीस वेळा वाया गेल्यावर तिने तयारी करणं सोडलं आणि बोलायला सुरुवात केली. केस कमी का केले. जेवायला काय खातेस. त्या कोपऱ्यावरच्या घरची खुशबू नर्सच आहे, पण तिचं लग्न झालं. "मी काही तुले जबरदस्ती करत नाई, पण माणसानं सांगितलं तं आयकून तं घ्यावं, आता मावशीच्या नंदेचा पोरगा वनखात्यात हाय, सालस हाय, त्याचं काय वाईट हाय ते तरी मले सांग..."

आचलने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"काय झालं? पंक्चर?"

"नाई. मागं पाह्य."

गोकुळाने मान वळवली. दहा पावलांवर रस्त्याच्या अर्ध्या रुंदीचा खड्डा होता. पाणी आटलं होतं, तळ दिसत होता, वासरू बसेल एवढा. पलीकडून ट्रक येत होता म्हणून आचलला तो चुकवता आला नव्हता.

"हाच तो श्रावणातला," आचल म्हणाली. "आता आपण त्याच्यातून आलो."

"कवा?"

"तू म्हणून राह्यली होती, मावशीच्या नंदेचा पोरगा वनखात्यात हाय. 'सालस' म्हणताना खाली गेलो, 'हाय' म्हणताना वर आलो."

गोकुळाने पुन्हा एकदा खड्ड्याकडे पाहिलं. तिचं वाक्य तुटलंसुद्धा नव्हतं. ती खाली उतरली, चालत खड्ड्यापर्यंत गेली आणि काठावर उभं राहून आत डोकावली. मग परत येऊन तिने गाडीच्या मागच्या अंगावर, त्या नव्या स्प्रिंगजवळ, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला.

"तुह्या बाबानं..." ती म्हणाली. आचलला पाठ करून तिने चष्मा पुसला. धूळ फार होती.

एटापल्ली मागे पडलं आणि दुपारी त्या उपकेंद्रावर पोहोचल्या तर अंगणात दोन बाया लेकरं घेऊन बसल्याच होत्या, मंगळवारच्या आधीच. आशाताई सोनीबाई धावत आली. तिने आधी गाडीकडे, मग धुळीने लाल झालेल्या गोकुळाकडे पाहिलं.

"या कोण, मॅडम? नवीन डॉक्टर?"

"नाई. तपासणी अधिकारी," आचल म्हणाली.

सोनीबाईने घाईघाईने पदर सावरला. गोकुळाला हसू आवरेना.

हातपाय धुऊन होतात न होतात तोच काम सुरू झालं. एका चिमुकल्याला वजनकाट्यावर ठेवलं तर काटा डुगडुगायला लागला. फरशी खालून खचलेली होती, एक पाय अधांतरी. लेकरू रडायला लागलं, आकडा थांबेना.

"काही जाड कागद-पुठ्ठा असन तं द्या जी बाई," सोनीबाई म्हणाली.

गोकुळाने पर्स उघडली. आत हात घातला. फुलस्केप कागद काढून तिने एकदा उलगडून पाहिला. अक्षर खरोखर चांगलं आलं होतं. मग तिने त्याची आणखी एक घडी घातली, आणखी एक, आणखी एक, आणि खाली वाकून ती काट्याच्या पायाखाली नीट बसवली. काटा स्थिर झाला. लेकरू दोन्ही हातांच्या मुठी करून तिच्याकडे पाहत राहिलं.

आचल लस भरत होती. सुई हातात होती, पण तिने सगळं पाहिलं. नुसती नाक ओढून हसली.

दुसऱ्या दिवशी गोकुळा बसने परतली. एटापल्लीला रेंज मिळाली तेव्हा तिने फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

"किती बुडली?" केवळरामने विचारलं. कशी आहेस, पोहोचलीस का, काही नाही.

"दोनच. पूर्ण रस्ता."

पलीकडून फोन दूर धरून तो ओरडल्याचा आवाज आला, "निकेश! दोनच बुडली गा! पूर्ण रस्ता!" आणि त्याच्यामागे निकेशचा आवाज, "मग माह्या गाडीचं कवा करता, मिस्त्री?"

"बायकोले घेऊन ये!" केवळराम म्हणाला.

बसमध्ये गोकुळाला सगळ्यात मागची सीट मिळाली. आलापल्लीच्या अलीकडे पहिल्याच खड्ड्यात ती वीतभर उडाली आणि खाली आपटली. दुसऱ्या खड्ड्यात शेजारचा म्हातारा तिच्या मांडीवर आला. कंडक्टर दांडा धरून तिकिटं फाडत मागे आला तसं तिने त्याला थांबवलं.

"भाऊ, तुमची गाडी एक बोटही नाई बुडून राह्यली."

"काय म्हणता, बाई?"

"शॉकअप दगड झाले हाय. ब्रह्मपुरीले आणा एकदा, केवळराम मिस्त्रीकडं, डोंगा मिस्त्री म्हणा, कोणीही सांगन." मग तिला आठवलं आणि तिने भरलेल्या बसवरून, पार ड्रायव्हरपर्यंत, एक नजर फिरवली. "पण रिकामी नका आणू हो. हे सारे लोक घेऊन या."